पंक्तीबाहेर ठेवलेला सामना

फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची कुठलीही यादी उघडा, पहिली ओळ तीच असते: ३० नोव्हेंबर १८७२, हॅमिल्टन क्रेसेंट, पार्टिक, स्कॉटलंड ०, इंग्लंड ०. फिफाही याच सामन्याला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानते. त्या ओळीबद्दल माझी तक्रार नाही. ती लिहिताना जे माप वापरले त्याबद्दल आहे. हे माप १८७२च्या सामन्यासाठी सैल सोडले गेले, त्याआधीच्या पाच सामन्यांसाठी आवळले गेले, आणि ७ मे १८८१ रोजी एडिनबरामध्ये स्कॉटलंड व इंग्लंड या नावांनी महिलांचे दोन संघ उतरले, तेव्हा तर ते माप बाहेर काढण्याचीही कुणाला गरज वाटली नाही. तो सामना नोंदवहीत यायला हवा. कोणत्या रकान्यात, कोणत्या शेऱ्यासह, हे पुढे सांगतो. पण त्यासाठी १८७२ची ती ओळ मुळात कशी तयार झाली ते आधी पाहावे लागेल.

मैदान फुटबॉलचे नव्हतेच. वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबचे ते मैदान सामन्यापुरते भाड्याने घेतले होते. पार्टिक तेव्हा ग्लासगोत सामील झालेले नव्हते, शेजारचे स्वतंत्र नगर होते. दिवस शनिवारचा, शिवाय सेंट अँड्र्यूचा, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संताचा. आधीच्या दिवसांत पाऊस झाल्याने जमीन जड झालेली. प्रवेश एक शिलिंग. प्रेक्षक सुमारे ४०००. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू एकाच क्लबचे, ग्लासगोच्या क्वीन्स पार्कचे. कर्णधार गोलरक्षक रॉबर्ट गार्डनर. इंग्लंडचे अकरा जण नऊ क्लबांतून वेचलेले. कर्णधार ऑक्सफर्डचा कथबर्ट ऑटवे. हा सामना जुळवून आणणारा चार्ल्स अल्कॉक दुखापतीमुळे खेळू शकला नाही, म्हणून पंचाच्या कामाला उभा राहिला. एक छायाचित्रकार आला होता, पण फोटोच्या प्रती नक्की विकत घेऊ अशी हमी कुणी देईना. तो निघून गेला. आज आपल्याकडे आहेत ती रेखाचित्रे; फोटो एकही नाही.

गोलाच्या दोन खांबांमध्ये वर लाकडी दांडा नव्हता, जमिनीपासून ८ फुटांवर ताणून बांधलेली फीत होती. फितीची अडचण कुणाच्याही लक्षात येईल. मधोमध तिला झोळ पडतो, वाऱ्याने ती हलते, आणि वेगाने आलेला चेंडू तिला घासून गेला तर तो वरून गेला की खालून हे सांगायला डोळ्यांशिवाय साधन नसते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट लेकीचा फटका नेमका असाच गेला. घरच्या प्रेक्षकांना तो गोल वाटला. पंचांनी चेंडू फितीवरून गेल्याचा निर्णय दिला. जाळीही नव्हती, ती यायला १८९० नंतरचा काळ उजाडला. ज्या ०–० ने ही सगळी यादी सुरू होते, ते फितीच्या झोळावर ठरलेले शून्य आहे.

खेळ कसा झाला हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण या चढाओढीचे बीज त्यात आहे. १८६३च्या नियमात चेंडूच्या पुढे उभा असलेला प्रत्येक आक्रमक ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, ठरे. पुढे पास देणेच अशक्य, म्हणून चेंडू पायाशी ठेवून स्वतःच धावायचे, आणि चेंडू सुटला तर तो उचलायला बाकीच्यांनी मागून घोळक्याने यायचे, हीच रीत पडली. १८६६मध्ये नियम बदलला: आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी असले की तो ऑफसाइड नाही. पुढच्या पासला दार उघडले, पण इंग्रजी पब्लिक स्कुलांतून, म्हणजे श्रीमंतांच्या खासगी शाळांतून, आलेल्या खेळाडूंच्या पायांची सवय गेली नव्हती. पार्टिकला इंग्लंडने मागे एक-दोन माणसे ठेवून सात-आठ जण आघाडीला उभे केले होते. स्कॉटलंडने दोन बचावाला, दोन मध्ये आणि सहा पुढे, अशी मांडणी केली.

इंग्रज अंगाने वजनदार होते. समोरासमोर खांद्याला खांदा भिडवून स्कॉटांना काही मिळणार नव्हते. मग त्यांनी जोड्या लावून खेळ केला: एकाने चेंडू घेऊन जायचे, अंगावर येणारा जवळ आला की तो जोडीदाराकडे सरकवायचा. वर्षानुवर्षे एकाच क्लबात एकत्र सराव केल्याशिवाय हे जमत नाही. अकराही खेळाडू एकाच क्लबचे असणे ही खरे तर नाइलाजाने पत्करलेली गोष्ट होती, पण तीच त्यांची ताकद ठरली. इंग्लंडकडे उलट चित्र होते. शेफील्डहून आलेल्या चार्ल्स क्लेगने पुढे सांगितले की दक्षिणेकडचे बडे घरचे सहकारी त्याला विचारतही नव्हते. हे क्लेगचे नाव लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

यापुढची काही वर्षे स्कॉटलंडची होती. १८७८मध्ये ७–२, १८८१मध्ये लंडनच्या ओव्हलवर ६–१, १८८२मध्ये ५–१. इंग्लंडच्या क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना नोकरीच्या नावाखाली बोलवायला सुरुवात केली, आणि त्यातूनच १८८५मध्ये इंग्लंडला व्यावसायिक खेळाडू मान्य करावे लागले. पण तो वेगळा विषय आहे.

आता मापाकडे येऊ. पार्टिकच्या सामन्याआधी ओव्हलवर इंग्लंड आणि स्कॉटलंड या नावांनी पाच सामने झाले होते: ५ मार्च १८७० (१–१), १९ नोव्हेंबर १८७० (इंग्लंड १–०), २५ फेब्रुवारी १८७१ (१–१), १८ नोव्हेंबर १८७१ (इंग्लंड २–१) आणि २४ फेब्रुवारी १८७२ (इंग्लंड १–०). पाचही अल्कॉकने जुळवलेले. हा अल्कॉक म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा सचिव आणि एफए कप या क्लबांच्या स्पर्धेचा जनक. १८८०मध्ये इंग्लंडमधला पहिला क्रिकेट कसोटी सामना ओव्हलवर घडवण्यातही त्याचाच हात होता. त्याने स्कॉटिश वर्तमानपत्रांतून जाहीर आव्हान दिले होते आणि सीमेवरच्या ट्वीड नदीच्या उत्तरेला राहणारा असो की दक्षिणेला, कुणाही स्कॉटला दार उघडे आहे असे म्हटले होते. प्रत्यक्षात उतरले ते बहुतेक लंडनमध्ये राहणारे. त्यांतला एक होता पंतप्रधान ग्लॅडस्टनचा मुलगा विल्यम. त्याचे स्कॉटलंडशी नाते घराण्यातून आलेले; आजोबा एडिनबराजवळच्या लीथचे.

स्कॉटलंडमध्ये यावरून कुरकुर झाली आणि ती रास्त होती. डिसेंबर १८७०मध्ये तिथल्या रग्बी क्लबांच्या कर्णधारांनी प्रतिआव्हान दिले, आणि २७ मार्च १८७१ रोजी एडिनबरात रेबर्न प्लेसवर पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. तो स्कॉटलंडने जिंकला. असोसिएशनच्या खेळाला, म्हणजे फुटबॉलला, स्कॉटलंडमध्ये पाय रोवायचा असेल तर तिथे जाऊनच खेळावे लागेल, हे त्यानंतर लंडनला उमगले. ऑक्टोबर १८७२मध्ये फुटबॉल असोसिएशनने ग्लासगोला संघ पाठवण्याचा ठराव केला, तो या पार्श्वभूमीवर.

पाच सामने अनधिकृत आणि सहावा अधिकृत, यासाठी सहसा तीन कसोट्या सांगितल्या जातात. दोन्ही बाजूंना राष्ट्रीय संघटना हवी. संघ त्या-त्या देशातल्या खेळाडूंचा हवा. आणि प्रत्येक बाजूने आपला संघ स्वतः निवडलेला हवा. ऐकायला तिन्ही बरोबर वाटतात. तारखा समोर ठेवल्या की पहिल्या दोन कोसळतात.

स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १३ मार्च १८७३ला. पार्टिकच्या सामन्यानंतर साडेतीन महिन्यांनी. म्हणजे पहिल्या अधिकृत सामन्यात एका बाजूला राष्ट्रीय संघटना नव्हतीच. १८६७मध्ये स्थापन झालेला एक क्लब देशाच्या वतीने उभा होता. इतकेच नव्हे, परतीचा सामना ओव्हलवर ८ मार्च १८७३ला झाला, तोही संघटना जन्मण्याच्या पाच दिवस आधी. दोन्ही सामने यादीत अधिकृत आहेत.

दुसऱ्या कसोटीचे तेच. ८ मार्चला ग्लासगोहून सगळा संघ नेणे खर्चात बसत नव्हते. क्वीन्स पार्कची ही अडचण जुनी होती. वर्षभरापूर्वी, मार्च १८७२मध्ये, एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी लंडनला जाऊन तिथल्या वाँडरर्स क्लबला गोल करू दिला नव्हता, पण पुन्हा खेळण्यासाठी लंडनमध्ये थांबायला पैसे नसल्याने ते माघारी आले आणि वाँडरर्स अंतिम फेरीत गेले. त्यामुळे १८७३च्या संघात इंग्लंडमध्ये राहणारे स्कॉट भरले गेले: आर्थर किनेअर्ड, हेन्री रेनी-टेलयूर, जॉन ब्लॅकबर्न. किनेअर्ड तर त्या नाकारलेल्या सामन्यांतलाच माणूस. १८७०मध्ये त्याच्या असण्याने सामना अनधिकृत ठरतो आणि १८७३मध्ये ठरत नाही, हे एका मापात कसे बसवायचे?

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. त्या परतीच्या सामन्यात आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिलाच गोल झाला. तो करणारा इंग्लंडचा विल्यम केनियन-स्लेनी जन्मला होता राजकोटला. वडील मुंबई इलाख्याच्या घोडदळात अधिकारी. स्कॉटलंडचा पहिला गोल रेनी-टेलयूरचा, आणि त्याचा जन्म मसुरीचा. दोन्ही देशांच्या खात्यावरचा पहिला गोल हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाच्या पायाने लिहिला गेला. इंग्लंड ४–२ ने जिंकले. कोण कुठल्या देशाचा, हा प्रश्न या यादीला पहिल्या गोलापासून चिकटलेला आहे, आणि तो दरवेळी सोयीने सोडवला गेला आहे.

राहते तिसरी कसोटी, दोन्ही बाजूंनी आपापला संघ स्वतः निवडण्याची. ही मात्र खरी आहे. पार्टिकला इंग्लंडचा संघ लंडनने निवडला आणि स्कॉटलंडचा ग्लासगोने. ज्याने आव्हान दिले तो दुसऱ्याच्या अंगणात गेला, नियम आधी ठरले, आणि यजमानाने आपली माणसे आपण उभी केली. या कारणासाठी १८७२ला पहिले स्थान देणे मला मान्य आहे. पण मग हे कारण उघड सांगावे, आणि तेच माप हातात धरून १८८१कडे पाहावे.

१८८१च्या वसंतात आठ आठवड्यांच्या अंतराने दोन सामने झाले. १२ मार्चला ओव्हलवर पुरुषांचा. स्कॉटलंडचा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या डेमेरारात जन्मलेला, स्कॉटिश वडील आणि कृष्णवर्णीय आई यांचा मुलगा, क्वीन्स पार्कचा बचावपटू. त्याच्या संघाने इंग्लंडला ६–१ ने हरवले. घरच्या मैदानावर इंग्लंडचा याहून मोठा पराभव आजवर झालेला नाही. वॉटसन देशासाठी तीन सामने खेळला आणि तिन्ही जिंकला. १८८२मध्ये तो कामानिमित्त लंडनला गेला, आणि स्कॉटिश असोसिएशन तेव्हा स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनाच निवडत असल्याने त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. नऊ वर्षांपूर्वी किनेअर्डला न लागलेला नियम वॉटसनला लागला.

दुसरा सामना शनिवारी, ७ मे १८८१ला, एडिनबराच्या ईस्टर रोड भागातल्या हिबर्नियन क्लबच्या मैदानावर. स्कॉटलंडचा महिला संघ विरुद्ध इंग्लंडचा महिला संघ. आधी जाहिरात झाली होती, तिकीट होते, वर्तमानपत्रांत खेळाडूंची नावे छापून आली. स्कॉटलंडने ३–० ने सामना जिंकला. बातमीदारांची निम्मी शाई कपड्यांवर खर्च झाली: निळ्या जर्सी, पांढऱ्या गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि उंच टाचांचे बूट. त्या बुटांचा विचार जरा खेळाच्या अंगाने करा. पुरुषांच्या बुटाला तळाशी चामड्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत, त्यामुळे ओल्या गवतावर पाय धरून राहतो. उंच टाच मऊ मातीत रुतते, वळताना घोटा मुरगळतो आणि पायाच्या पुढच्या भागाने चेंडू उचलून मारताना तोल मागे जातो. अशा बुटांत पूर्ण सामना खेळून तीन गोल झाले. त्यावर ‘यांना खेळता येत नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी बूट पाहिले आणि त्यांचा अर्थ पाहिला नाही.

नऊ दिवसांनी, १६ मे रोजी, तेच संघ ग्लासगोजवळ शॉफील्डला उतरले. प्रेक्षक सुमारे ५०००. उत्तरार्धात लोक दोर ओलांडून मैदानात घुसले, खेळाडूंना धक्काबुक्की झाली. त्या कशाबशा बाहेर थांबलेल्या घोड्यांच्या बसमध्ये चढल्या, तेव्हा जमावाने मैदानातले खुंट उपसून बसवर फेकले. जूनमध्ये मँचेस्टरलाही खेळ असाच उधळला गेला. काही आठवड्यांत हा उपक्रम विझला.

आता आक्षेप. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांना टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

सर्वांत मोठा आक्षेप असा की हे संघ नाट्यव्यवसायातल्या लोकांनी जमवले होते, खेळाडूंपैकी बऱ्याच जणी रंगमंचावर काम करणाऱ्या होत्या, आणि दोन्ही संघ एकाच मंडळींनी उभे केले. इंग्लंडच्या म्हणवणाऱ्या सगळ्या इंग्लंडच्या होत्या असे कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तिसऱ्या कसोटीवर हा सामना उतरत नाही, हे मी मान्य करतो. पण याच कसोटीवर १८७०–७२चे पाच सामनेही उतरत नाहीत. तिथेही एकाच बाजूच्या सचिवाने दोन्ही संघांची मोट बांधली होती. तरी ते पाच सामने प्रत्येक अभ्यासग्रंथात तारीख, गोल आणि संघांसह छापले जातात, ‘अनधिकृत’ असा शेरा देऊन. त्यांना पंगतीत शेवटचे का होईना, पान मांडलेले आहे. १८८१च्या सामन्याचा उल्लेख झालाच तर गमतीची गोष्ट म्हणून, कुठल्यातरी चौकटीत. दोष सारखा, पण एकाला शेरा आणि दुसऱ्याला दाराबाहेरची जागा. हा उघड पंक्तिप्रपंच आहे.

दुसरा आक्षेप नावांचा. खेळाडूंनी टोपणनावे वापरली, त्यामुळे त्या नक्की कोण हे ठरवता येत नाही, म्हणून नोंद कशी करायची? १६ मार्च १८७२चा पहिला एफए कप अंतिम सामना आठवा. वाँडरर्स १, रॉयल इंजिनिअर्स ०. तो एकमेव गोल करणारा मॉर्टन पीटो बेट्स त्या दिवशी ‘ए. एच. चेकर’ या खोट्या नावाने खेळला होता, हॅरो चेकर्स या आपल्या क्लबाच्या नावावरून घेतलेल्या. त्याचा गोल कुणी पुसला नाही. आज यादीत त्याचे खरे नाव आहे. बेट्सचे टोपणनाव ही हौस होती. १८८१च्या मुलींना मात्र ते गरजेचे होते. शॉफील्डला बसवर खुंट फेकणाऱ्या जमावाला ज्यांची खरी नावे आणि घरे कळली असती, त्यांचे काय झाले असते हे वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप, हा सगळा पैशासाठी केलेला तमाशा होता. पार्टिकलाही एक शिलिंग घेऊनच आत सोडले होते. लोक तिकीट काढतील अशी खात्री असल्याशिवाय १८८१च्या आयोजकांनी ‘स्कॉटलंड’ आणि ‘इंग्लंड’ ही नावे निवडली नसती. दोन महिन्यांपूर्वीच्या ६–१ ची चर्चा ताजी होती. त्या चढाओढीचे वजन किती वाढले होते, याचा हा पुरावाच आहे.

आणि शॉफील्डचा सामना अर्धवट राहिला म्हणून तो मोजायचा नाही, असे म्हणणाऱ्यांना ५ एप्रिल १९०२ची आठवण करून द्यावी लागेल. ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर पुरुषांच्या इंग्लंड–स्कॉटलंड सामन्यात लाकडी प्रेक्षागृहाचा भाग कोसळला, २५ माणसे गेली, शेकडो जखमी झाली. खेळ थांबून पुन्हा सुरू झाला आणि १–१ असा पूर्ण झाला. नंतर दोन्ही संघटनांनी तो अधिकृत यादीतून काढला आणि मे महिन्यात बर्मिंगहॅमला पुन्हा खेळवला. पूर्ण झालेला सामना कागदावरच्या निर्णयाने अनधिकृत होतो आणि तरीही प्रत्येक इतिहासात त्याची नोंद राहते. म्हणजे ‘अधिकृत’ हा शब्द मैदानावर काय घडले ते सांगत नाही. तो नंतर टेबलाभोवती बसलेल्यांनी काय ठरवले ते सांगतो.

टेबलाभोवती कोण बसले होते तेही पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतल्या मुलींचे संघ उभे राहिले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या डिक, कर लेडीज संघाचा सामना पाहायला ५३,००० लोक आले. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना महिलांना मैदाने देण्यास मनाई केली. हा खेळ बायकांना योग्य नाही, असे कारण दिले. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष होते लॉर्ड किनेअर्ड, ओव्हलवर स्कॉटलंडकडून खेळलेले तेच. कार्यकारी मंडळाचे प्रमुख होते चार्ल्स क्लेग, पार्टिकच्या चिखलात बड्या घरच्या सहकाऱ्यांच्या दुर्लक्षाने दुखावलेले तेच. पहिल्या सामन्यांच्या पिढीतली माणसे संघटनेच्या शिखरावर असताना हा दरवाजा बंद झाला, आणि तो जवळजवळ पन्नास वर्षे बंद राहिला. १८८१चा सामना ‘खरा नव्हता’ हे मत ज्या घरातून आले, त्या घराचा या प्रश्नात हितसंबंध होता. त्याचा निवाडा आपण विनातपास का स्वीकारायचा?

बंदी इंग्लंडमध्ये १९७०च्या सुमारास उठली. १९७१मध्ये युरोपच्या संघटनेत महिला फुटबॉल ताब्यात घेण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारा एकच देश होता, स्कॉटलंड. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९७२ रोजी, ग्रीनॉकच्या रेव्हन्सक्रेग मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंडचे महिला संघ भिडले. पार्टिकच्या शताब्दीला बारा दिवस बाकी होते. स्कॉटलंड दोन गोलांनी पुढे होते. सिल्व्हिया गोरने इंग्लंडचा पहिला गोल केला आणि शेवटी इंग्लंड ३–२ ने जिंकले. स्कॉटिश असोसिएशनची या संघाला तेव्हा मान्यता नव्हती. तरी आज हा दोन्ही देशांचा पहिला अधिकृत महिला सामना म्हणून गणला जातो, आणि २०१९मध्ये त्या स्कॉटिश खेळाडूंना ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर बोलावून आंतरराष्ट्रीय कॅप, म्हणजे देशाकडून खेळल्याचे मानचिन्ह असलेल्या टोप्या, दिल्या गेल्या. ४७ वर्षांनी. म्हणजे नोंदवही दुरुस्त करता येते. संघटनेची मान्यता नसतानाही सामना अधिकृत ठरू शकतो, हे १८७३मध्ये घडले तसे १९७२मध्येही घडले. फक्त १८८१च्या वाट्याला ही सवलत आली नाही.

नोंदीने काय साधते, असे कुणी विचारील. वॉटसनचे उदाहरण पुरेसे आहे. ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू म्हणून कित्येक दशके आर्थर व्हार्टनचे नाव घेतले जात होते. वॉटसनला लोक विसरले होते. पण १२ मार्च १८८१च्या संघात त्याचे नाव लिहिलेले होते, क्लबाच्या कागदांत तो होता, फोटोत तो होता. शोधणाऱ्यांना धागा सापडला, आणि आज त्याची कबर शोधून तिची दुरुस्ती झालेली आहे. ईस्टर रोडच्या बावीस जणींसाठी असा धागा कुणी ठेवला नाही. पिवळी पडत गेलेली वर्तमानपत्रे आणि टोपणनावे, एवढेच. त्या काळी एखाद्या कारकुनाने सामन्याचा कागद फाइलला लावला असता, तर आज त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आपली आजी काय करून गेली ते कळले असते.

काय करावे ते अवघड नाही. पुरुषांचे ते पाच ओव्हलचे सामने आणि महिलांचे १८८१चे सामने एकाच परिशिष्टात, एकाच प्रकारच्या रकान्यांत छापावेत. प्रत्येक ओळीत तारीख, मैदान, दोन्ही संघ कुणी निवडले, कोणत्या नियमांनी खेळ झाला, पूर्ण झाला की थांबला, खेळाडूंची नावे खरी की घेतलेली, आणि बातमी कुठल्या पत्रात आली. शेरा ‘अनधिकृत’च राहू द्या, कारणही तिथेच लिहा. १८७२च्या ओळीलाही तळटीप हवी: स्कॉटलंडचा संघ क्वीन्स पार्क क्लबने निवडला, राष्ट्रीय संघटना अजून स्थापन व्हायची होती. हे काम इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या असोसिएशनांनी एकत्र बसून करायचे आहे. खेळाचे नियम करणाऱ्या मंडळात १८८६पासून त्या एकत्र बसतातच, आणि फिफाच्या चार मतांसमोर आजही ब्रिटिश संघटनांची चार मते तिथे आहेत. जुने सामने मोजण्याचा अधिकार त्यांना पुरतो, तर जुनी चूक दुरुस्त करण्याचाही पुरायला हवा.

परिशिष्टातल्या सहाव्या ओळीत एवढे असावे: ७ मे १८८१, शनिवार, हिबर्नियनचे मैदान, ईस्टर रोड, एडिनबरा. स्कॉटलंड ३, इंग्लंड ०. सामना पूर्ण झाला. दोन्ही संघ एकाच आयोजकांनी निवडलेले. नावे बहुधा रंगमंचावरची. पहिला गोल: लिली सेंट क्लेअर.